यूएसबी वायफाय ड्रायव्हर रोज चाळीस एमबी खातो, स्लॅबमध्ये दिसतात चारच

पाणंद_नेट

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. आधी सगळी माहिती देतो. फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत, अंडरस्कोर मूळ जागीच ठेवलेत.

बोर्ड ६४-बिट आर्म, ४ कोअर, ५१२ एमबी रॅम. कर्नल ५.१५. यूएसबी २.० चं वायफाय डोंगल. ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला नाही, चिपबरोबर मिळालेल्या सोर्सवरून मॉड्यूल बांधलंय. तो थेट सीएफजी८०२११ ला (कर्नलचा वायफाय सेटिंगचा थर) जोडलेला आहे, मॅक८०२११ (कर्नलमधला तयार वायफाय स्टॅक) मध्ये येत नाही.

बोर्ड पंपघरात आहे आणि तिथल्या यूएसबी हबचा सप्लाय कमजोर. डोंगल जोरात ट्रान्समिट करायला लागलं की व्होल्टेज बसतं, डोंगल बसवरून गायब होतं आणि पुन्हा उगवतं. सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा, म्हणजे दिवसाला साधारण ७२० वेळा. हब बदलणार आहेच, तेव्हा तो सल्ला नको. पण डोंगल निघालं-लागलं एवढ्यावरून ड्रायव्हरने रॅम खायला नको.

आकडे असे:

मेमअव्हेलेबल (वापरायला मोकळी रॅम) सुरुवातीला १८० एमबी, रोज ४० ते ४२ एमबी उतरतं. पाचव्या दिवशी रॅम संपते आणि ओओएम किलर येऊन पहिली जी मोठी प्रोसेस दिसेल तिला उडवतो.
एसअनरिक्लेम (स्लॅबमधली, म्हणजे कर्नलच्या छोट्या वस्तूंच्या साठ्यातली, परत न मिळणारी मेमरी) मात्र दिवसाला जेमतेम ४ एमबी वाढतं.
स्लॅबटॉपमध्ये एसकेबफ_हेड_कॅशे, केमॅलॉक-२५६ आणि केमॅलॉक-५१२ हे तीन चढत जातात. बाकी सगळं स्थिर.
आरएममॉडने मॉड्यूल काढलं तरी गेलेली मेमरी परत येत नाही.
डब्ल्यूपीए_सप्लिकंटचा (वायफाय जोडणारा प्रोग्राम) आरएसएस (त्याने धरलेली रॅम) जागचा हलत नाही, म्हणजे युजरस्पेसचा दोष नाही.

प्रश्न दोन. एक, उरलेले ३६ एमबी कुठे जातात? दोन, कमांड पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये हे सापडलं: एसकेबी (पॅकेटचा बफर) घेतो, बल्क-आउट यूआरबीवर (यूएसबी ट्रान्सफरची विनंती) चढवतो, चिपच्या उत्तराची १ सेकंद वाट बघतो, उत्तर नाही आलं तर सरळ -ईटाइम्डआउट परत. त्या वाटेवर केफ्री_एसकेबी (एसकेबी सोडणारं फंक्शन) कुठेच नाही. चोर हाच ना?

---

गाळणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याला कोणीतरी येईलच.

तुमचा हिशोब जुळत नाही कारण एसकेबीचे दोन भाग असतात आणि ते दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. वरची मूठ, म्हणजे स्ट्रक्ट एसके_बफ, स्लॅबमधून येते. तुमच्या बोर्डवर ती २५६ बाइटची खोली घेते. डेटाचा भाग कुठून येतो हे मात्र साइझवर आणि जीएफपी फ्लॅगवर ठरतं. कम्प्लिशन हँडलरमध्ये (यूआरबी परत आली की धावणारं फंक्शन) जीएफपी_अॅटॉमिकने (न झोपता मेमरी मागणारा फ्लॅग) साधारण १६०० बाइटचा बफर मागितलात की नेटडेव्ह_अलॉक_एसकेबी तो स्लॅबमधून घेत नाही, पेज फ्रॅगमेंटच्या कॅशेमधून तुकडा तोडून देतं. हा कॅशे ४ केबी पेजच्या सिस्टीमवर ३२ केबीचा एकेक ठोकळा आणतो. १६०० अधिक पुढचं पॅडिंग ६४ अधिक शेवटचं शेअर्ड इन्फो ३२० धरलं तर एक तुकडा १९८४ बाइटचा. एका ठोकळ्यात असे १६ बसतात.

खरी मेख पुढे आहे. ठोकळ्यातला शेवटचा तुकडा सुटेपर्यंत पूर्ण ठोकळा अडकून राहतो. पंधरा तुकडे नीट फ्री झाले आणि एक लीक झाला, तर २ केबी जात नाहीत, ३२ केबी जातात. तुमच्या ड्रायव्हरमध्ये बसवर एका वेळी ८ आरएक्स (डेटा घेणाऱ्या) यूआरबी असतील असं धरतो. डोंगल निघताना ते आठही एसकेबी हरवत असतील, तर ते जवळजवळ एकापाठोपाठ घेतलेले असल्यामुळे एका किंवा दोन ठोकळ्यांत असतात. ७२० गुणिले ३२ केबी म्हणजे २२.५ एमबी, दोन ठोकळे धरले तर ४५ एमबी. तुमचे ३६ बरोबर मधे बसतात. मुठींचा हिशोब वेगळा: ७२० × ८ × २५६ म्हणजे सुमारे १.४ एमबी. तेवढंच स्लॅबमध्ये दिसणार.

हे पेज मेमइन्फोच्या कुठल्याच ओळीत येत नाहीत. मेमटोटलमधून मेमफ्री, बफर्स, कॅश्ड, एनॉनपेजेस, स्लॅब, कर्नलस्टॅक, पेजटेबल्स वजा करा. जी फट उरेल ती दर तासाला नोंदवा. वाढत असेल तर पेज थेट कोणीतरी धरून बसलंय. खात्री हवी असेल तर कॉन्फिग_पेज_ओनर लावून बूटलाइनला पेज_ओनर=ऑन द्या आणि /सिस/कर्नल/डीबग/पेज_ओनर वाचा. पण तिथल्या बॅकट्रेसवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिथे ठोकळा ज्याने आणला त्याचं नाव असतं. तुकडा ज्याने हरवला त्याचं नाही. त्याच सीपीयूवर इथरनेटचा ड्रायव्हर असेल तर ठोकळा त्याने आणलेला असू शकतो आणि निष्पाप माणूस पकडला जातो.

म्हणून मुठींच्या मागे लागा. त्या स्लॅबमध्ये आहेत आणि केमेमलीकला (कर्नलमधला लीक शोधणारा भाग) दिसतात. कृती:

१. कॉन्फिग_डीबग_केमेमलीक चालू करून कर्नल बांधा. 'डीफॉल्ट ऑफ' निवडलं असेल तर बूटलाइनला केमेमलीक=ऑन लागतं. बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये 'कर्नल मेमरी लीक डिटेक्टर डिसेबल्ड' असं आलं का बघा. आलं असेल तर मेमपूलचा आकार कमी पडलाय. डीफॉल्ट १६००० आहे, तो ४०००० करा.

२. डोंगल लावून एकदा कनेक्ट होऊ द्या, मग जुना कचरा बाजूला काढा:

इको स्कॅन > /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक
इको क्लिअर > /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक

३. डोंगल शंभर वेळा सोडवा-जोडा. हाताने नको, /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस खालच्या तुमच्या पोर्टच्या फोल्डरमध्ये ऑथराइज्ड नावाची फाइल आहे, तिच्यात आधी ० लिहा, ३ सेकंद थांबा, १ लिहा, कनेक्ट होईपर्यंत थांबा. शेलचं फॉर लूप पुरतं.

४. १० सेकंद थांबून स्कॅन दोनदा द्या. एकदा देऊन 'काही नाही' म्हणू नका. ५ सेकंदांपेक्षा तरुण ऑब्जेक्ट तो धरत नाही, आणि मागच्या स्कॅननंतर ज्याचा चेकसम बदललाय त्यालाही एक फेरी सूट देतो. मग फाइल वाचा.

आलेली यादी बॅकट्रेसनुसार मोजून टाका. पत्ते आणि हेक्स डंप नकोत.

---

झटपट_पॅच

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, चोर तोच. टाइमआउटच्या वाटेवर रिटर्नच्या आधी केफ्री_एसकेबी(एसकेबी) टाका आणि मोकळे व्हा. एका ओळीचं काम.

---

उलटा_प्रवाह

झटपट_पॅच, थांबा जरा. पाणंद_नेट, ती ओळ टाकू नका. टाकली तर आज पाच दिवसांनी मरणारा बोर्ड पाच मिनिटांत मरेल.

टाइमआउट झाला म्हणजे काय झालं? चिपने उत्तर दिलं नाही, एवढंच. यूआरबी बसवरून परत आलीय असा त्याचा अर्थ नाही. ती अजून होस्ट कंट्रोलरकडे असू शकते, एसकेबीचा डेटा डीएमए होत (हार्डवेअर थेट वाचत) असू शकतो. यूएसबी_सबमिट_यूआरबीने शून्य परत दिलं त्या क्षणी एसकेबीची मालकी तुमच्याकडून गेली. आता ती कम्प्लिशन हँडलरची. तुमच्या ड्रायव्हरच्या कमांड-टीएक्स हँडलरच्या शेवटी केफ्री_एसकेबी आहे का बघा, बहुधा असणारच. टाइमआउटवाल्याने एकदा फ्री केलं आणि नंतर हँडलरने पुन्हा केलं की 'रेफकाउंट_टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री' आलंच समजा. ते आलं तर नशीब, कारण ते निदान दिसतं. तीच जागा मधल्या वेळात दुसऱ्या कोणाला दिली गेली असेल तर त्याचं पॅकेट तुम्ही फ्री कराल आणि बॅकट्रेस टीसीपीच्या पोटातला येईल.

लीक शोधताना 'इथे फ्री नाही' हा पुरावा धरायचा नाही. 'या ओळीवर मालक कोण' हे विचारायचं. एसकेबीला कुठल्याही क्षणी एकच मालक असला पाहिजे आणि प्रत्येक हस्तांतर यशस्वी झालं की फसलं हे तपासलेलं हवं:

सबमिट फसलं (परत आलेली किंमत ऋण): मालक अजून तुम्ही. फ्री तुम्ही करायचं.
सबमिट झालं: मालक हँडलर. स्टेटस काहीही असो, फ्री किंवा पुढे सुपूर्द त्यानेच करायचं.
टाइमआउट: मालक हँडलरच. तुम्ही फक्त यूएसबी_किल_यूआरबी म्हणायचं. ते हँडलर संपेपर्यंत थांबतं, हँडलर -ईएनओईएनटी स्टेटस घेऊन धावतो आणि नेहमीच्या जागी फ्री करतो.

यूएसबी_किल_यूआरबी झोपतं. स्पिनलॉक धरून किंवा इंटरप्टमधून बोलावता येत नाही, तिथे यूएसबी_अनलिंक_यूआरबी आहे, पण ते थांबत नाही. कमांडचं फंक्शन एरवीही १ सेकंद झोपतंच, तेव्हा तुम्हाला किल चालेल. अट एकच: किल संपेपर्यंत त्या यूआरबीवर तुमचा स्वतःचा रेफरन्स असला पाहिजे, नाहीतर हँडलर संपताच ती हातातून गेलेली असेल.

त्याच फंक्शनमध्ये आणखी एक जागा बघा. उत्तर उशिरा आलं तर ते कुठे लिहिलं जातं? बोलावणाऱ्याच्या स्टॅकवरच्या बफरचा पत्ता ड्रायव्हरच्या स्ट्रक्टमध्ये ठेवला असेल आणि टाइमआउटनंतर तो पुसला नसेल, तर उशिराचं उत्तर परक्या स्टॅकवर पडेल. लीकशी संबंध नाही, पण हात घातलाच आहे तर टाइमआउटवर लॉक घेऊन तो पॉइंटर नल आणि अपेक्षित सीक्वेन्स नंबर शून्य करा.

केमेमलीकचा निकाल टाका. माझा अंदाज, कमांडची वाट त्यात येणारच नाही.

---

पाणंद_नेट

आला निकाल. आरएक्स यूआरबी खरंच ८ आहेत, गाळणींचा अंदाज बरोबर. १०० फेऱ्या, स्कॅन दोनदा:

८०० नग, साइझ २३२. बॅकट्रेस: केमेम_कॅशे_अलॉक, मग एसकेबी बनवणारी फंक्शन्स, मग ड्रायव्हरचं आरएक्स_रीफिल.
१०० नग, साइझ २५६. बॅकट्रेस: यूएसबी_अलॉक_यूआरबी, मग ड्रायव्हरचं इंट_स्टार्ट.
३०० च्या आसपास नग, प्रत्येकी दोन-दोन अलोकेशन. बॅकट्रेस: सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस_डेटा, मग ड्रायव्हरचं स्कॅन_इव्हेंट.

कमांडची वाट यादीत नाही. कमांडच्या हँडलरच्या शेवटी केफ्री_एसकेबी आहे, उलटा_प्रवाह म्हणाले तसंच. झटपट_पॅच यांची ओळ टाकली नाही हे बरं झालं.

आरएक्स हँडलरचा सुरुवातीचा भाग देतो:

स्विच (यूआरबी->स्टेटस) {
केस ०:
    ब्रेक;
केस -ईएनओईएनटी:
केस -ईकॉनरीसेट:
केस -ईशटडाउन:
    रिटर्न;
डिफॉल्ट:
    गोटू रीसबमिट;
}

डिस्कनेक्टमध्ये यूएसबी_किल_अँकर्ड_यूआरबीज (अँकरच्या यादीतल्या सगळ्या यूआरबी रद्द करणारं) आणि मग आठही यूआरबींना यूएसबी_फ्री_यूआरबी आहे.

---

उलटा_प्रवाह

एकेक घेऊ.

आठशे. त्या 'रिटर्न'कडे बघा. डोंगल निघालं, आठही यूआरबी -ईशटडाउन किंवा -ईएनओईएनटी घेऊन परत आल्या, हँडलरने पाहिलं आणि पाठ फिरवली. एसकेबीचा पत्ता यूआरबी->कॉन्टेक्स्टमध्ये होता. डिस्कनेक्टने यूआरबी फ्री केली, तिच्याबरोबर एकुलता एक पत्ता गेला. यूएसबी_फ्री_यूआरबीला कॉन्टेक्स्टमध्ये काय आहे हे माहीत नसतं, ते त्याला हात लावत नाही. आठ गुणिले शंभर.

दुरुस्ती: 'रिटर्न'च्या जागी 'गोटू फ्री' आणि तळाशी

फ्री:
    डेव्ह_केफ्री_एसकेबी_एनी(एसकेबी);
    यूआरबी->कॉन्टेक्स्ट = नल;

नुसतं केफ्री_एसकेबी नको. हँडलर हार्ड इंटरप्टमध्ये धावेल की सॉफ्टआयआरक्यूमध्ये हे होस्ट कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे. 'एनी'वालं फंक्शन ते स्वतः बघून घेतं.

आता रीसबमिटची वाट. तिथे सबमिटची परतीची किंमत तपासलीय का? यूएसबी_किल_यूआरबी चालू असताना हँडलरने तीच यूआरबी पुन्हा सबमिट करायला घेतली तर -ईपर्म मिळतं. म्हणजे डिस्कनेक्टच्या वेळी ही वाट फसणं हा अपवाद नाही, तेच व्हायचं आहे. तिथे यूएसबी_अनअँकर_यूआरबी आणि मग त्याच 'फ्री' लेबलवर उडी.

शंभर. इंटरप्ट यूआरबीची मोजणी चुकलीय. यूएसबी_अलॉक_यूआरबी एक रेफरन्स देतं, तो तुमचा. यूएसबी_अँकर_यूआरबी दुसरा घेतं. सबमिट तिसरा. यूआरबी परत आली की अँकरचा आणि होस्टचा आपोआप सुटतो. तुमचा तुम्हीच सोडायचा. इंट_स्टार्टमध्ये सबमिट झाल्यावर यूएसबी_फ्री_यूआरबी लिहिलेलं नसणार. नाव 'फ्री' असल्यामुळे लोक घाबरतात, आत्ताच बसवर चढवली आणि लगेच फ्री? पण ते फक्त एक रेफरन्स कमी करतं. सबमिटनंतर यूआरबीला पुन्हा हात लावणार नसाल तर लगेच सोडून द्या. हँडलरमधून पुन्हा सबमिट करत राहिलात तरी चालतं, कारण हँडलर संपेपर्यंत होस्टचा रेफरन्स असतोच.

फसलेल्या सबमिटची वाटही तिथेच लिहा: आधी अनअँकर, मग फ्री. हे विसरणारे तुम्ही एकटे नाही. मुख्य कर्नलमधल्या आरटीएल८एक्सएक्सएक्सयू ड्रायव्हरच्या सबमिट_इंट_यूआरबी फंक्शनमध्ये नेमकी हीच चूक होती. २०१९ मध्ये ती दुरुस्त झाली आणि तिला सीव्हीई-२०१९-१९०६८ हा नंबरही मिळाला. दुरुस्ती वाचून बघा, दोन-चार ओळींची आहे.

सोबत एवढंही तपासा: इंटरप्टचा डेटा बफर कोण सोडतं? यूएसबी_अलॉक_कोहेरंटने घेतला असेल तर तो यूआरबीबरोबर जात नाही, यूएसबी_फ्री_कोहेरंट वेगळं लागतं. साध्या केमॅलॉकने घेतला असेल तर यूआरबी_फ्री_बफर हा फ्लॅग लावून सुटता येतं. पण एसकेबीच्या डेटावर हा फ्लॅग कधीच लावू नका. तो डेटा केफ्रीने सोडायचा नसतो. पेज फ्रॅगमेंटच्या मधल्या पत्त्यावर केफ्री म्हणजे आत्महत्या.

तीनशे. याच्यावर माझ्यापेक्षा जुना_टर्मिनल चांगलं सांगतील.

---

जुना_टर्मिनल

सांगतो. सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस कुटुंबातली फंक्शन्स स्कॅनमध्ये दिसलेल्या एपीची (अॅक्सेस पॉइंट) नोंद करतात आणि त्या नोंदीचा पॉइंटर परत देतात. तो पॉइंटर रेफरन्ससकट येतो. स्कॅनच्या वाटेवर बहुतेकांना तो नको असतो, म्हणून परतीची किंमत कोणी घेतच नाही आणि रेफरन्स लटकतो. हेडर फाइलमधल्या कॉमेंटमध्ये लिहिलंय की तो सीएफजी८०२११_पुट_बीएसएसने परत द्या. म्हणून:

बीएसएस = सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस(...);
सीएफजी८०२११_पुट_बीएसएस(वायफी, बीएसएस);

नल आलं तरी पुट_बीएसएस ते गिळतं, वेगळा इफ नको. वायफी म्हणजे स्ट्रक्ट वायफी, वायफाय नाही. ही गंमत देवनागरीतच होते.

तुमच्याकडे फेरीला तीनच नग का? कारण आसपास तीनच एपी असतील. शहरात चाळीस एपींच्या गर्दीत हाच ड्रायव्हर चालवला असता तर हाच लीक सगळ्यात मोठा निघाला असता. डोंगल न काढताही तो वाढतो: ३० सेकंद न दिसलेली नोंद जुनी धरली जाते आणि पुढे यादीतून निघते, पण रेफरन्स उरला असल्यामुळे फ्री होत नाही. चालत्या गाडीतल्या राउटरवर ही फार वाईट गोष्ट. मी फक्त स्कॅनच्या वाटेबद्दल बोलतोय. कनेक्ट झाल्याच्या निकालात तुम्ही बीएसएस देत असाल तर तिथला रेफरन्स कोण गिळतो हे त्या फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये बघूनच पुट करा, नाहीतर उलट्या बाजूने पडाल.

आता तुमच्या टेस्टबद्दल. ऑथराइज्डमध्ये ० लिहिणं आणि व्होल्टेज बसून डोंगल मरणं या दोन गोष्टी ड्रायव्हरला सारख्या दिसत नाहीत. पहिल्यात चिप जिवंत असते आणि यूआरबी शिस्तीत रद्द होतात. दुसऱ्यात हबला पोर्ट रिकामा झाल्याचं कळेपर्यंत यूआरबी -ईप्रोटो, म्हणजे -७१, घेऊन परत येतात. तुमच्या स्विचमध्ये त्या डिफॉल्टला जातात, पुन्हा सबमिट होतात, पुन्हा -ईप्रोटो. त्या काही मिलिसेकंदांत हँडलर शेकडो वेळा धावू शकतो. रीसबमिटच्या वाटेवर नवीन एसकेबी घेऊन जुना तसाच सोडला असेल तर तिथे एकेका निघण्याला ढिगाने लीक होतो. नियम साधा: स्टेटस शून्य नसेल तर जुनाच एसकेबी पुन्हा लावा, नवीन घ्यायचाच नाही. आणि सलग चुका मोजा, दहाच्या वर गेल्या तर सबमिट थांबवा.

ही वाट तपासायला खरंच वीज तोडावी लागते. पोर्टची वीज स्वतंत्र बंद करता येणारा हब असेल तर यूहबसीटीएल नावाचं छोटं टूल ते करतं. नसेल तर हाताने तीसेक वेळा उपटा, तेवढं पुरतं.

तुमच्या यादीत नाही, पण बघून ठेवा: चिप एका यूएसबी ट्रान्सफरमध्ये अनेक पॅकेटं कोंबते का? तसं असेल तर शेवटचं पॅकेट अर्धं या बफरमध्ये आणि अर्धं पुढच्यात येतं, आणि ड्रायव्हर अर्धा एसकेबी 'उरलेला' म्हणून स्ट्रक्टमध्ये जपून ठेवतो. पुढचा बफर आलाच नाही तर तो कोण सोडणार? एथ९के_एचटीसीमध्ये, म्हणजे एआर९२७१ वाल्या डोंगलांच्या ड्रायव्हरमध्ये, हा लीक होता. तिथे बफर १६३८४ बाइटचा, प्रत्येक पॅकेटच्या आधी ४ बाइटचं हेडर, त्यात २ लांबीचे आणि २ ०एक्स४ई०० या टॅगचे. उरलेला एसकेबी फक्त पुढच्या आरएक्सच्या वेळीच सुटायचा; डोंगल मधेच काढलं की हरवला. २०२३ मध्ये दुरुस्ती झाली: आरएक्स यूआरबी मोडताना हा उरलेला एसकेबीही सोडायचा. असं काही तुमच्याकडे असेल तर डिस्कनेक्टमध्ये, यूआरबी किल झाल्यानंतर, तो फ्री करून पॉइंटर नल करा. किलच्या आधी केलंत तर हँडलर तेवढ्यात नवीन ठेवून जाईल.

---

झटपट_पॅच

टाइमआउटबद्दल माझं चुकलंच, मान्य. पण एक विचारतो. केमेमलीकची यादी रिकामी आली म्हणजे लीक संपला असं धरायचं का?

---

गाळणी

नाही. केमेमलीक 'हरवलेली' मेमरी शोधतो, 'साठलेली' नाही. आरएक्स एसकेबी एखाद्या रांगेत टाकले जातायत आणि उपसणारा वर्क थांबलाय, तर प्रत्येक एसकेबीचा पॉइंटर रांगेत आहे. केमेमलीकच्या दृष्टीने सगळे घरीच आहेत. स्लॅबटॉप चढत राहील आणि केमेमलीक गप्प बसेल. त्यासाठी रांगेची क्यूलेन (लांबी) छापून बघायची, आणि रांगेत टाकण्याआधी मर्यादा लावायची, २५६ वगैरे, तिच्यावर गेलं तर टाकून द्यायचं. डिस्कनेक्टमध्ये क्रम असा: यूआरबी किल, मग कॅन्सल_वर्क_सिंक, मग एसकेबी_क्यू_पर्ज. पर्ज आधी केलं तर वर्क किंवा हँडलर पुन्हा भरतो.

आणि पेज तर तो बघतच नाही. पेज अलोकेटरकडून थेट घेतलेलं काही त्याच्या वहीत नसतं. म्हणून मेमइन्फोची फट मोजणं सोडू नका.

कुठला कॅशे चढतोय यावरूनही बरंच कळतं. एसकेबफ_हेड_कॅशे चढत असेल तर आरएक्स, कमांड किंवा यूडीपीकडे बघा. एसकेबफ_एफक्लोन_कॅशे चढत असेल तर याच मशीनवरून निघालेलं टीसीपी ड्रायव्हरच्या टीएक्स वाटेत मरतंय. यूआरबी तुमच्या ५.१५ आर्म६४ वर केमॅलॉक-२५६ मध्ये दिसते. त्याच कोडची यूआरबी एक्स८६ वर केमॅलॉक-१९२ मध्ये दिसेल. डेस्कटॉपवर तपासून बोर्डशी तुलना करताना गोंधळू नका.

ज्यांचा ड्रायव्हर मॅक८०२११ वर आहे त्यांच्यासाठी: टीएक्समध्ये पॅकेट टाकून द्यायचं तर केफ्री_एसकेबी नाही, आयईईई८०२११_फ्री_टीएक्सएसकेबी. मॅक८०२११ काही फ्रेमची प्रत पोचपावतीसाठी स्वतःकडे ठेवतं, नुसत्या केफ्रीने ती तिथेच पडून राहते आणि मॉड्यूल काढताना 'हॅव पेंडिंग अॅक फ्रेम्स!' म्हणून वॉर्निंग येते. ती ओळ डीमेसेजमध्ये दिसली की दुसरं काही शोधू नका.

---

पाणंद_नेट

तिन्ही दुरुस्त्या केल्या. आरएक्स हँडलरला 'फ्री' लेबल, इंट_स्टार्टमध्ये सबमिटनंतर यूएसबी_फ्री_यूआरबी आणि फसल्यास अनअँकर, स्कॅनमध्ये पुट_बीएसएस. टाइमआउटवर यूएसबी_किल_यूआरबी, त्यासाठी कमांडच्या यूआरबीवर फंक्शन संपेपर्यंत स्वतःचा रेफरन्स ठेवला. उरलेल्या एसकेबीचा प्रकार या चिपमध्ये नाही, एका ट्रान्सफरला एकच पॅकेट येतं.

जुना_टर्मिनल, तुमचं -ईप्रोटो बरोबर निघालं. रीसबमिटच्या वर आरएक्स_रीफिल नवीन एसकेबी घेत होतं आणि जुन्याचा पत्ता सरळ पुसत होतं. ऑथराइज्डच्या १०० फेऱ्यांत हे दिसलंच नव्हतं. हाताने ३० वेळा उपटल्यावर केमेमलीकमध्ये ४,००० च्या वर नग आले. तेही दुरुस्त केलं, सलग १० चुकांनंतर थांबतो.

आता ऑथराइज्डच्या ५०० फेऱ्या आणि हाताने ३० वेळा, दोन्हीनंतर केमेमलीक रिकामा. मेमइन्फोची फट २ एमबीच्या आत वरखाली होते, चढत नाही. केअॅसन (चुकीचा मेमरी वापर पकडणारं कर्नलचं टूल) लावून याच फेऱ्या पुन्हा केल्या, एकही तक्रार नाही.

एक शंका उरली. फसलेल्या सबमिटची वाट कधी धावलीच नसेल तर ती बरोबर आहे हे कसं कळणार?

---

उलटा_प्रवाह

तिला फसवा. टेस्टच्या बिल्डमध्ये सबमिट एका छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळा, एक काउंटर ठेवा, दर ५० व्या वेळी यूएसबी_सबमिट_यूआरबी न बोलावता -ईनोमेम परत द्या. आरएक्स, कमांड आणि इंटरप्ट तिन्ही त्यातूनच जाऊ द्या. वेग कमी होईल, आरएक्सच्या आठ यूआरबी एकेक करून गळतील आणि काही वेळाने डोंगल बहिरं होईल, ते अपेक्षित आहे. मग डोंगल काढा, स्कॅन दोनदा. अलोकेशन फसवायला कर्नलचं फेलस्लॅब आहे, पण ते सगळ्या सिस्टीमवर सोडलं तर शेलच मरतो. /प्रॉक/सेल्फ/मेक-इट-फेल मधून फक्त इन्समॉड करणाऱ्या (मॉड्यूल चढवणाऱ्या) प्रोसेसवर लावा आणि टास्क-फिल्टर चालू ठेवा. प्रोबच्या (डोंगल सापडल्यावर ड्रायव्हर पहिल्यांदा धावतो तो भाग) एरर वाटा त्यात बऱ्याच निघतात: रिक्वेस्ट_फर्मवेअर झालं, पुढचं फसलं आणि रिलीज_फर्मवेअर राहिलं, असले. प्रोबचा काही भाग वर्कक्यूमध्ये चालत असेल तर त्याला हे फिल्टर लागत नाही, तिथे आपला काउंटरच बरा.

पंपघरात पाठवायच्या बिल्डमधून केमेमलीक आणि केअॅसन दोन्ही काढा. केअॅसन एकटाच रॅमचा आठवा हिस्सा खातो, ५१२ मधले ६४ एमबी.